वरच्या खोलीतला खमतखामणा

झुंबरलालजींच्या घराण्यात दोन गोष्टी वडिलोपार्जित होत्या. एक धुळ्याच्या पेठेतलं कापडाचं दुकान आणि दुसरं नाक. दुकान मुलानं सांभाळलं. नाक मात्र मुलाला चुकवून थेट नातीच्या, रूपलच्या चेहऱ्यावर येऊन बसलं. लांब, मध्ये उंचवटा, शेंड्याशी जरा खाली वळलेलं. म्हाताऱ्याला त्याचं कोण कौतुक! रूपल पाळण्यात होती तेव्हापासून आल्यागेल्याला ऐकवत, "कोणाची आहे ते सांगावं लागतं का?" पोरीला ते नाक आवडतं का, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असंच त्यांना वाटे.

रूपल शिकली, शिरपूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि एका रविवारी तिनं आजोबांसमोर बसून सरळ सांगितलं, "दादाजी, मी नाकाचं ऑपरेशन करून घेतेय. जळगावच्या डॉक्टरांना दाखवलंय."

"श्वासाचा त्रास होतो का गं?"

"नाही. दिसण्यासाठी."

पोरगी सहज खोटं बोलू शकली असती. हाड वाढलंय म्हणाली असती तर झुंबरलालजींनी स्वतः गाडी काढायला लावली असती. पण ती खरं बोलली आणि म्हाताऱ्याच्या काळजात काटा रुतला. "म्हणजे आरशात माझं तोंड दिसायला नको तुला," एवढं म्हणून ते उठले. त्या दिवसापासून आजोबा-नातीचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे कसं, तर समोर ताट घेऊन बसलेल्या नातीबद्दल ते बायकोला विचारत, "तिला भाजी हवी का विचार." सूरजबाई कपाळाला हात लावत. त्यांचं स्वतःचं मत सोपं होतं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर काढून दिलेला नव्या नाकाचा फोटो रूपलनं त्यांना दाखवला, तेव्हा चष्मा लावून त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "यात तू आहेस ना अजून? मग झालं."

तयारी सुरू झाली. रक्त तपासून झालं. डोकं उंचावर ठेवून झोपायचं म्हणून उशा गोळा झाल्या. डोक्यावरून घालायचे कपडे नंतर कितीतरी दिवस चालणार नव्हते, हे सूरजबाई फोनवर लेकीला सांगत होत्या आणि झुंबरलालजी पेपरामागे होते. दोन दिवसांनी दुकानातून पुडकं आलं. मऊ मलमलचे, पुढून बटणांचे गाऊन. कोणी शिवायला टाकले ते कोणी बोललं नाही, आणि रूपलनंही ते मुकाट्यानं बॅगेत भरले.

ऑपरेशनच्या दिवशी आईबाप तिच्याबरोबर जळगावला गेले. झुंबरलालजी दुकानात बसले आणि गिऱ्हाइकानं शर्टाचं कापड मागितलं तर परकराचं फाडून दिलं. जन्मात पहिल्यांदा.

पोरगी घरी आली ती ओळखू येईना. नाकावर प्लास्टर, डोळ्यांखाली काळंनिळं, तोंड उघडं टाकून श्वास घेतेय. सोनगीरहून भाजी घेऊन येणारी भिकुबाई दारातच टोपली ठेवून ओरडली, "आय माय वं! पोरले कोनी मारं? कसं सुजी जायेल शे तोंड!"

"कोणी नाही गं, तिनं हौसेनं करवून घेतलं," सूरजबाई म्हणाल्या.

भिकुबाई हसली. झुंबरलालजींना हसू आलं नाही. कोनी मारं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. रूपलला वरच्या खोलीत नेलं. तेव्हापासून म्हातारा काही ना काही निमित्तानं जिना चढायचा, दाराबाहेर उभा राहायचा, आत पोरीचा श्वास चाललाय का ऐकायचा आणि पाय न वाजवता खाली यायचा. आत जायला मात्र पाय धजेना. इतके दिवस न बोलल्यावर पहिला शब्द कुठला काढायचा?

अशात संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस, आली. सगळ्या घरानं उपवास केला, जैन स्थानकात वर्षभराच्या चुकांचं प्रतिक्रमण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खमतखामणा. वर्षभरात कळत नकळत ज्यांना दुखवलं असेल, त्या सगळ्यांची हात जोडून माफी मागायची आणि मगच उपवासाचं पारणं करायचं, हा त्यांचा नेम. झुंबरलालजींचा या कामात हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी शेजाऱ्यांना हात जोडले, दुकानातल्या माणसांना जोडले, भांडणानंतर वर्षभर ज्याचं नाव घेतलं नव्हतं त्या चुलतभावाला, शालिग्रामला, शिंदखेड्याला फोन लावला आणि दोघंही गहिवरले. उरलेल्यांसाठी कमळाचं चित्र आणि खाली 'मिच्छामि दुक्कडम्' असं फोनवर एका झटक्यात सगळ्यांना पाठवून दिलं. सगळ्यांत रूपलही होती. झालं एकदाचं, असं मनाशी म्हणत ते पारण्याला बसले.

तेवढ्यात फोन वाजला. झुंबरलालजींचा चष्मा जवळ नव्हता, म्हणून रूपलचं उत्तर सूरजबाईंनी वाचलं, "दादाजी, सगळ्या गावाला पाठवलंत तेच ना हे?"

सूरजबाईंनी मुगाच्या पाण्याची वाटी नवऱ्यासमोरून उचलली. "शालिग्रामसाठी गळा दाटून येतो तुमचा," त्या म्हणाल्या, "आणि घरातल्या पोरीला कमळ? आधी वर जा. पारणं नंतर."

म्हातारा जिना चढला. रूपल उशांना टेकून बसली होती. त्यांना पाहताच ती पलंगावरून उतरली आणि सवयीनं पाया पडायला निघाली.

"वाकू नको!" झुंबरलालजी ओरडले. "वाकायचं नाही, शिंकायचं तर तोंड उघडून, नाक शिंकरायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

म्हातारा पकडला गेला. "दाराबाहेर ऐकू येतं," ते पुटपुटले. मग त्यांनी हात जोडले. "बेटा, मी तुला फार दुखवलं. मिच्छामि दुक्कडम्."

"दादाजी, तुम्ही नका हात जोडू."

"आज लहानमोठं कोणी नसतं. पण मला एक सांग. इतकं वाईट होतं का गं ते?"

"तुम्हाला शोभतं ते," रूपल म्हणाली. " मला नाही पेललं. लहानपणी स्थानकात आम्ही मुली मुहपत्ती बांधून ओळीनं बसायचो. सगळ्यांची तोंडं कापडाखाली, नाकं तेवढी बाहेर. माझ्याकडे बघून त्या हसायच्या. मी डोळे मिटून बसायची. तुम्ही घरी येऊन सांगायचात, आमची रूपल किती एकाग्र असते."

झुंबरलालजी मटकन खुर्चीवर बसले. किती लोकांना सांगितलं होतं त्यांनी ते, आणि किती वर्षं! "मी कायम नाकच बघत राहिलो," ते म्हणाले. "त्याच्यामागची पोरगी बघायची राहून गेली."

रूपलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडायलाही मनाई होती. म्हाताऱ्यानं घाबऱ्याघुबऱ्या रुमाल काढला आणि प्लास्टरला धक्का न लावता, हलक्या हातानं तिचे गाल टिपले.

"आता मला पाया पडू द्या," ती हट्टानं म्हणाली. "नाहीतर माझा खमतखामणा अर्धाच राहील."

वाकायचं नाही आणि पाया तर पडायचं. झुंबरलालजींनी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या, धोतर सावरलं आणि भिंतीला धरत धरत ते त्या खुर्चीवर चढून उभे राहिले. डोकं पंख्याशी, पाय नातीच्या हातांशी. मागोमाग वर आलेल्या सूरजबाई दारातच किंचाळल्या, "अहो, पडाल!"

"तू बटण बंद कर पंख्याचं," ते वरून म्हणाले.

रूपलनं गुडघे किंचित वाकवून, मान ताठ ठेवून त्यांच्या पायांना हात लावले. तिला हसू येत होतं, नाक दुखत होतं आणि हात काही ती काढत नव्हती.

"प्लास्टर निघालं की आधी मला दाखव," झुंबरलालजी म्हणाले.

"आणि तुम्हाला नाही आवडलं तर?"

"तर रोज बघेन," म्हातारा म्हणाला, "आवडेपर्यंत."