सालगडी रेणुकादास सर

आमच्या ह्यांनी सालगडी व्हायचं ठरवलं तेव्हा ह्यांचं वय अडुसष्ट होतं.

नांदेडच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धेला हे परीक्षक होते. विषय होता, गुलामगिरीची भरपाई वारसांनी द्यावी का. हरलेल्या बाजूची एक मुलगी जाता जाता म्हणाली, "सर, तुमच्या घरी वेठीला कोण होतं?" झालं! इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक तीन दिवस धड जेवले नाहीत. कंधारजवळच्या गावी ह्यांच्या आजोबांकडे व्यंकट नावाचा माणूस दोन पोती ज्वारीपायी बावीस वर्षं राबला होता. आता हेही त्याच्या नातवाकडे बावीस वर्षं राबणार. मी म्हटलं, "नव्वदीपर्यंत?" ह्यांनी पिशवी भरली.

सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, म्हणून हे पाडव्यालाच दारात हजर. नातू भागवत हात जोडून म्हणाला, "सर, दीड एकर हाय माझं. गडी ठेवून काय करू?" ह्यांनी टिपून आणलेली रीत वाचून दाखवली. मालकानं गड्याला कपडे, वहाणा आणि घोंगडी द्यावी. भागवत बिचारा कंधारला जाऊन सगळं घेऊन आला.

रविवारी मी बीपीच्या गोळ्या घेऊन गेले. खुरपायला बसवलं तर ह्यांनी गवत ठेवून भुईमूग उपटला होता, आणि भागवत मागून रोपं पुन्हा लावत होता. त्याच्या आईनं, म्हणजे व्यंकटच्या लेकीनं, गुणाबाईंनी, आपली खाट ह्यांना दिली होती. सत्तरीच्या बाई जमिनीवर झोपत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र खुशीत होते.

"भागवत, मला अरे-तुरे करा."

"हाव सर."

चहाच्या वेळी ह्यांना कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा दिसला. व्यंकटचा कप. ह्यांच्या लहानपणी आमच्या गोठ्यात तो वेगळा ठेवलेला असायचा, त्याचा त्यानंच विसळायचा. हे अक्षरशः हरखले. "मला ह्यातच चहा द्या. त्याशिवाय प्रायश्चित्त पुरं होणार नाही."

गुणाबाईंनी कप उचलून पदराखाली धरला.

"न्हाई सर. बाप मेला तव्हा तुमच्या गोठ्यातून मी एवढंच आणलं. खाट घ्या, भुईमूग उपटा, काय बी करा. ह्यो तेवढा आमच्याकडं राहू द्या."

गुणाबाईंनी पाहुण्यांचा फुलाफुलांचा कप काढून ह्यांना चहा दिला. ह्यांनी तो खाली मान घालून संपवला आणि कप जमिनीवर ठेवून उठले. चाळीस वर्षांच्या संसारात रोज उठतात तसेच.

तो उचलायला गुणाबाई वाकल्या.

"अहो," मी ओरडलेच, "कप उचला!"

ह्यांनी कप उचलला आणि तो घेऊन अंगणभर बघत राहिले. कुठे विसळायचा ते भागवतनं दाखवलं.