बेलभंडार

रुद्रेश दारात उभा राहिला, तेव्हा म्या त्याला पाणीसुद्धा विचारलं न्हाय. मेल्याला माझी पायरी चढायची हिंमत कशी झाली, म्हणते मी!

माझे मालक, कर्नल गौरीशंकर, लढाईत पलटणीचे कमांडर होते अन् हा त्यांच्या हाताखालचा मेजर. ह्यानं हुकूम नसताना चौकी सोडली. वर आणखी दोघा अफसरांना फितवून चौकशीत सांगितलं, की कर्नलसाहेबच घाबरले, त्यांनीच मागं फिरवलं. मालकांची पलटण ह्याला मिळाली. मालक अणदूरला आले ते मान खाली घालून, अन् तसेच गेले. वेशीतल्या जवानांच्या फलकावर त्यांचं नाव कोरायला गाव अजून तयार न्हाय.

"वहिनी," रुद्रेश म्हणाला, "आमी तिघांनी बेलभंडार उचलला होता. जीव गेला तरी खरं बोलायचं न्हाय म्हणून. भंडारा तुम्ही साहेबांना पाठवलेला, तोच होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खंडोबाच्या पायाचा, मीच पुडीत बांधून पाठवलेला भंडारा!

"ते दोघं गेले. ज्या हातानं उचलला, तो माझा हात लुळा पडला. ज्याचा भंडारा, त्यानंच शपथ सोडवायची असती. सोडवा मला."

"देवळापुढं, गावासमोर, माईकवर खरं बोला," मी म्हणाले. "मग बघू."

रविवारी देवळापुढं माणूस मावत नव्हतं. रुद्रेशनं डाव्या हातात माईक धरला अन् सगळं ओकून टाकलं. चौकी मी सोडली, साहेब शेवटपर्यंत चौकीवरच होते, आमी खोटं बोललो. सरपंच ईरण्णानं तिथंच सांगितलं, उद्याच फलकावर नाव कोरायचं. माझ्या डोळ्यांना धार लागली. आज मालक पाहिजे होते हो!

मग रुद्रेश माझ्यापुढं वाकला. "वहिनी, आता भंडारा लावा. शपथ सोडवा."

म्या पाय मागं घेतले. "कुठली शपथ? ती तर तुम्ही आत्ताच मोडली. मी कुठं सोडवली होती?"

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "पण तुम्हीच तर म्हणाला..."

"मग बघू म्हणाले होते. हुकूम यायच्या आधी जागा सोडायची तुमची जुनीच खोड हाय, रुद्रेशराव. आता देव बघून घेईल."