मूठभर डाळीचं पीठ

माझी धाकटी जाऊ तनुजा आयर्लंडात शेंगापोळ्या विकते आणि त्यावरून माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मी पुढं साळसूदपणे बोलत राहीन आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाई किती समजूतदार आहे.

तनुजा मुदखेडची. वडील रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर त्यांनी नांदेडला घर बांधलं. ती शिकलेली, इंजिनियर. माझा दीर महांतेश आणि ती पुण्यात एकाच कंपनीत होते. लग्नानंतर दोन वर्षांनी दोघं आयर्लंडातल्या कॉर्क नावाच्या गावी गेले. मी निलंग्याकडची, दहावी पास. एकोणिसाव्या वर्षी शिरूर अनंतपाळला या घरात आले. दोन म्हशी, थोडी शेती आणि नवऱ्याची शाळेतली नोकरी, एवढा माझा संसार. इंग्रजी मला येतं, पण एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. तनुजा उंबऱ्यात आली त्या दिवसापासून रंग, शिक्षण, पगार, नवऱ्यानं ऐकणं, सगळ्यात तिचं पारडं जड. फक्त पोळीत ती माझ्या पासंगाला पुरत नव्हती.

शेंगापोळी ऐकायला सोपी आहे. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साल काढून कुटायचे, गूळ आणि वेलदोडा घालून कणकेच्या पारीत भरायचे आणि लाटायचे. खरी परीक्षा तव्यावर. गूळ वितळला की कडेनं बाहेर येतो, तव्यावर करपतो आणि पोळीची कड काळी, कडक होते. आमच्याकडं तिला फुटकी पोळी म्हणतात. ती पाहुण्याच्या ताटात वाढत नाहीत, करणारीनंच खाऊन टाकायची असते. तनुजानं लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला पोळ्या केल्या, त्यातल्या दोन सोडून सगळ्या फुटल्या. ती हसत हसत खायला बसली. मीही हसले, पण तोंडाला पदर लावून.

माझी पोळी फुटत नाही. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात मला जवळ बसवून सांगितलं होतं की सारणात मूठभर डाळीचं पीठ घालायचं, तेलावर खमंग भाजलेलं. ते गुळाला धरून ठेवतं. हे थोरल्या सुनेलाच सांगायचं असतं, असंही त्या म्हणाल्या. त्यांना त्यांच्या सासूनं तसंच सांगितलं होतं. तेव्हापासून शिरूरमध्ये लग्न असो, बारसं असो, मठात स्वामींची पाद्यपूजा असो, पोळ्यांचा निरोप मला येतो. 'अंबिकाच्या हातची पोळी' असं लोक म्हणतात. मी कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई आहे. माझ्या स्वतःच्या नावानं गावात ओळखली जाते ती ही एकच वस्तू.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला महांतेश एकटाच आला होता. जाताना मी डबा भरून पोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी घरच्या ग्रुपवर फोटो आला. तिकडं शनिवारी बाजार भरतो म्हणे, घरी केलेलं खाणं लोक टेबल मांडून विकतात. टेबलामागं लाल टोपी घालून तनुजा उभी होती. पुढ्यात माझ्या पोळ्या, चार चार तुकडे करून ताटलीत लावलेल्या. एक गोरी बाई डोळे मिटून तुकडा चघळत होती. खाली लिहिलं होतं, तासाभरात सगळं संपलं. त्याखाली सोयऱ्याधायऱ्यांची अभिनंदनांची रीघ लागली होती. पोळ्या मी लाटल्या आणि अभिनंदन तिचं झालं.

मी आमच्या ह्यांना, म्हणजे सिद्धलिंग मास्तरांना, फोटो दाखवला. ते म्हणाले, अगं, घरच्याचंच नाव व्हायलंय की. कुणाचं नाव, असं मी विचारलं तेव्हा त्यांना एकाएकी म्हशीला पाणी दाखवायची आठवण झाली.

नंतर जो कुणी तिकडं जायला निघेल त्याच्या बॅगेत माझ्या पोळ्या जाऊ लागल्या. तनुजा दर वेळी फोन करून आभार मानायची, आणि ते गोड बोलणं मला आणखीच झोंबायचं. चार बायकांत मी म्हणायचे, आमच्या घरात लोकांना जेवू घालतात, अन्न विकत नाहीत. बायका माना डोलवायच्या. खरं विचाराल तर मला कुणी विकायला बसवलं असतं, तर सगळ्यात आधी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात मी पाट मांडून बसले असते. पण मला कुणी विचारलंच नाही. मग मी तिचे व्हिडिओ बघणं सोडलं. ग्रुपवर तिचं काही आलं की न उघडता अंगठा दाखवायचा आणि फोन पालथा घालायचा.

गेल्या वैशाखात तनुजाच्या भावाचा, रुद्रेशचा, नांदेडला साखरपुडा होता. तनुजा येऊ शकली नव्हती, पण हॉलभर विषय तिचाच. तिची आई उज्वलाबाई मुलीकडच्या पाहुण्यांना मोबाइल दाखवत फिरत होत्या. मी ओटीचं ताट घेऊन त्यांच्या मागंच उभी होते. त्या म्हणाल्या, तनुजाला लहानपणापासून स्वयंपाकाची भारी हौस, ही पोळी ती माझ्याकडूनच शिकली. मग वळल्या, मला पाहिलं आणि जराही न अडखळता ओळख करून दिली की ह्या तिच्या जाऊबाई, गावाकडं असतात. मी नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये हे घोरत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. उज्वलाबाईंचा राग कुणावर काढायचा, हे मी लातूर यायच्या आत ठरवून टाकलं होतं.

आठच दिवसांत ती संधी चालून आली. दुपारी तनुजाचा व्हिडिओ कॉल आला. तिथल्या नगरपालिकेचा माणूस येऊन गेला होता. बॅगेतून आणलेलं इथून पुढं विकता येणार नाही, तिथंच तपासलेल्या स्वयंपाकघरात करायचं, आणि पाकिटावर काय काय किती ग्रॅम घातलं ते छापायचं, असा नियम. आमच्याकडं ग्रॅम कोण मोजतं? मी शेजारच्या किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणला. फोन तेलाच्या बरणीला टेकवला. ती तिकडं वही घेऊन बसली. मी शेंगदाणे काट्यावर ओतले, तिनं आकडा लिहिला. मग गूळ, खसखस, वेलदोडा, कणीक आणि मोहनाचं तेल, सगळं एकेक करून झालं. भाजलेल्या डाळीच्या पिठाची वाटी ओट्यावरच होती, फोनच्या मागं, तिला दिसणार नाही अशी.

"आनि काही, अक्का?" तिनं विचारलं. "एकदा छापलं की मला लवकर बदलता येत न्हाई."

"न्हाई. एवढंच."

लाटायचं आणि भाजायचं तुला माहीतच आहे, असं म्हणून मी फोन ठेवला. मग वाटी पुढं ओढली, पीठ सारणात कालवलं आणि पोळ्या केल्या. एकही फुटली नाही. ह्यांनी तीन खाल्ल्या आणि ताटातलं तूपसुद्धा पुसून घेतलं.

पुढं मी वाट बघत राहिले. देवाला दिवा लावताना हात जोडून काय मागत होते ते सांगायची लाज वाटते. ज्येष्ठ संपता संपता तिचा फोन आला, आवाज पडलेला. कडेनं गूळ बाहेर यायलाय, दहादा करून बघितलं, सगळ्या फुटायलेत, असं ती सांगत होती. तिथल्या गुळाला नावं ठेवील, शेगडीला ठेवील, असं मला वाटलं होतं. तिनं दोष स्वतःच्या हाताला दिला. "तुमच्यासारखं मला न्हाई जमायचं, अक्का," म्हणाली. सवयीनं जमेल, असा धीर मी तिला दिला. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. मी समजले, बसलं दुकान. ग्रुपवर अधूनमधून काहीतरी यायचं, मी अंगठा दाखवायचे. बायकांत आता मी तनुजाची कीव करू लागले होते. नोकरी सांभाळून कशाला हा उपद्व्याप, असं म्हणायचे. कीव करताना फार बरं वाटतं.

माघात एका शनिवारी दुपारी हे ओसरीवर बसून फोन बघत होते. मला हाक मारली आणि म्हणाले, तुझं नाव पेपरात आलंय. मला वाटलं चेष्टा करतायत. कॉर्कमधल्या कुठल्याशा पेपरात बाजारावर लेख आला होता आणि महांतेशनं तो पाठवला होता. फोटोत तनुजाचं टेबल होतं, त्यावर आता छप्पर आलं होतं. छपराला निळी पाटी. मी अक्षरं लावली. ए, एम, बी. पुढची लावायची गरज पडली नाही. पाटीवर माझं नाव होतं. पाकिटांवर माझं नाव होतं. तनुजाच्या एप्रनवरसुद्धा माझंच नाव होतं.

"ही पाटी कधी लावली?" मी विचारलं.

"आषाढापासून हाय की. दर व्हिडिओत दिसते. तू अंगठा दाखवतीस ते काय बघून?"

ह्यांनी लेख मराठीत करून वाचायला सुरुवात केली. मास्तरच ते, प्रत्येक वाक्य दोनदा. अंबिका ही भारतातल्या एका गावातली बाई, विकणारीची थोरली जाऊ, आणि ही पोळी तिची आहे. तिच्या पोळीची खासियत म्हणजे कड. गूळ बाहेर येऊन तव्यावर करपलेली, कुरकुरीत, किंचित कडवट कड. लोक आधी कड मोडून खातात. कड नीट आली नसेल तर परत करतात. अशी कड साधायला अंबिकानं आयुष्य घालवलं आहे, असं त्या लेखात लिहिलं होतं.

"फुटक्या पोळीलाच चांगली म्हणायलेत येडे," हे हसत म्हणाले. "पन तनुजाची कशी फुटायली? तू तर सगळं सांगितलंस ना तिला?"

मी आत गेले. जिनं माझं नाव उचललं म्हणून मी जळत होते, तिनं माझं नाव छपरावर लावलं होतं. आणि त्या नावाखाली, मी स्वतः बिघडवलेली, आमच्या पाहुण्याला कुणी वाढणार नाही अशी पोळी विकली जात होती. तनुजाची फजिती व्हावी म्हणून मी केलं ते, आणि परदेशात फुटकी पोळी करणारी बाई म्हणून नाव झालं माझं. मला तिचा राग आला, माझा राग आला, कड मोडून खाणाऱ्या त्या बायांचाही आला. शेवटी मी फोन लावला.

तिच्याकडं सकाळ होती. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. सारणात मूठभर भाजलेलं डाळीचं पीठ असतं, ते मी तुला सांगितलं नाही, मुद्दाम सांगितलं नाही, एवढं एका दमात बोलून टाकलं.



"मी रडून रडून पोळ्या केल्या, अक्का," ती म्हणाली. "माझा हातच वाईट हाय म्हनून."

मी माफी मागितली. मग घाईघाईनं सांगायला लागले की अजून काही बिघडलेलं नाही, दर किलोला किती पीठ ते मी आत्ता मोजून देते, पाकिटं नवी छापून घे, पुढच्या शनिवारपासून चांगली पोळी ठेव. माझ्या नावाची पाटी आहे तिथं माझी पोळी असू दे, असंही म्हणाले.

"आता कसं बदलू?" तनुजा म्हणाली. "लोक कडंसाठीच येतेत. न फुटलेली दिली तर म्हनतील, ही अंबिकाची न्हवं."

तिला बाजारात जायचं होतं, मागून महांतेश हाका मारत होता. ठेवते, म्हणाली. ठेवण्याआधी थांबली.

"आनि ते डाळीचं पीठ तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, अक्का."

ती रागानं म्हणाली की मानानं, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही. फोन नेहमीसारखा येतो, ती नेहमीसारखी बोलते, पोळीचा विषय दोघीही काढत नाही. ग्रुपवर आलेले व्हिडिओ आता मी उघडते, सगळे, शेवटपर्यंत. निळ्या पाटीखाली रांग असते. पोरं, म्हातारे, छत्री घेतलेल्या बाया. त्यांना अंबिकाचीच पोळी हवी असते, दुसरी नको. तनुजाचा हेवा करणं कधीच सुटलं माझं. आता मी त्या अंबिकावर जळते.