निम्म्या भाड्यातला प्रवास

‘हॅरिएट मोस’ ही आगबोट मिसुरी नदीवर तीनच वर्षं चालली, आणि त्या नदीवर तीन वर्षं म्हणजे चांगलं आयुष्य झालं. बुडालेल्या झाडांची खोडं बोटींची पोटं फाडायला टपूनच बसलेली असत. वरच्या मजल्यावर गालिचे, आरसे आणि पैसेवाले. खाली पिठाची पिंपं, नांगर, खेचरं, आणि खेचरांना खेटून दूरदेशाहून शेती करायला आलेली माणसं. त्यांचं भाडं आधीच कमी, आणि वाटेतल्या वखारींवर उतरून जो बॉयलरसाठी लाकूड वाहील त्याचं निम्मंच. मात्र कबूल करून जो अंग चोरील त्याची गाठोडी पुढच्या काठावर फेकली जात.

गेशेच्या नवऱ्याने, डिर्कने, सेंट लुईच्या धक्क्यावर हा करार छाती फुगवून केला आणि दोन दिवसांत हुडहुडीने आडवा झाला. गावाकडच्या पाणथळ मुलखातला त्याचा जुना हिवताप होता तो. गेशेला कळत होतं, पण बोटीवर कोणाला पटवणार? त्या उन्हाळ्यात नदीवर पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. आदल्याच दिवशी एका आजारी माणसाला घोंगडी आणि पाण्याचा तांब्या देऊन वाळूच्या दांड्यावर उतरवलं होतं. बोट निघाली तेव्हा त्याने हात वर केला, तो गेशेने पाहिला होता.

म्हणून पुढच्या वखारीला नवऱ्याचे बूट घालून तीच रांगेत उभी राहिली. लाल मिशांचा मुकादम टोलिव्हर बोटीतून काठावर टाकलेल्या फळीच्या टोकाशी शिव्या घालत उभा होता. त्याचं बोलणं तिला अर्धंमुर्धं कळायचं, शिव्या मात्र पूर्ण कळायच्या.

“बाई, करार तुझ्या नवऱ्याशी झालाय.”

“भट्टी विचारते का, लाकूड कोणी आणलं म्हणून?”

लोक हसले. टोलिव्हरही हसला आणि म्हणाला, की हात थांबले तर दोघंही वाळूवर.

शेजारच्या कोपऱ्यात वेरेना नावाची स्विस बाई होती. तिने आपली शाल घडी करून गेशेच्या खांद्यावर ठेवली, आणि गेशे ओंडके वाहायची तेवढा वेळ डिर्कला चमच्याने सूप भरवलं. वेरेनाचा नवरा उर्स रांगेत गेशेच्या मागेच असे. “जरा हळू चाल ग बाई,” तो कुरकुरायचा, “माझी बायको बघतेय. उद्यापासून मला जेवायला घालणार नाही ती.” परक्या मुलखात अशी माणसं भेटली की नशीबच म्हणायचं.

एका दुपारी बोटीवरच्या लाकडाच्या ढिगामागे गेशेला टोलिव्हर दिसला. तो भिंतीला धरून बसला होता. जुलाब अंगावरच झालेले, ओठ निळे, गाल आत गेलेले. तो कसाबसा उठला, सगळ्यांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात बुडवून त्याने तोंड धुतलं, तिथल्याच पळीने पाणी प्यायला आणि पळी परत पिंपात टाकली. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं.

“तुला काही दिसलेलं नाही.”

“दिसलंय.”

“तुझा नवरा कुठे पडलाय ते मलाही दिसतं. उद्या तुमचं सेंट जोसेफ येईल. तोवर त्याला निजू दे. तूही लाकूड वाहू नकोस.”

गेशेने मान डोलावली. वाळूवर वर झालेला तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पाण्यात काय असतं हे तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, तर गेशेला कुठून असणार? तिला फक्त किळस आली. तिने आपला पेला पिंपाजवळून उचलला आणि खालच्या मजल्यावरच्या चुलीवर कॉफी उकळत ठेवली.

“एवढ्या उकाड्यात कॉफी?” वेरेनाने विचारलं. “पिंपात गार पाणी आहे की.”

“डिर्कला गार पाणी सोसत नाही.”

“आणि तुला?”

“मलाही कॉफीच बरी.”

वेरेना हसली आणि तिने आपला पेला पिंपात बुडवला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललं तर टोलिव्हर वाळूवर जाणार, आणि जाता जाता डिर्कला ओढून नेणार. उद्या उतरताना सांगू, असं गेशेने स्वतःला बजावलं. उद्यावर ढकललं की पाप हलकं वाटतं.

सेंट जोसेफला टोलिव्हर दोर धरून उभा होता. बघणाऱ्याला तो रुबाब वाटला असता. लटपटणाऱ्या डिर्कने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. वेरेना आणि उर्स पुढे जाणार होते. गेशे वळली. वाक्य जिभेवर तयार होतं. टोलिव्हरने डिर्कचा हात अजून सोडला नव्हता.

“तुझी शाल राहिली माझ्याकडे,” ती म्हणाली.

“राहू दे ग. परत भेटशील तेव्हा दे,” वेरेना म्हणाली. घंटा झाली आणि फळी उचलली गेली.

डिर्क भावाच्या शेतावर आठवड्याभरात बरा झाला. बोटीवरचा मुकादम म्हणजे देवमाणूस, आजारी माणसाला निजू दिलं त्याने, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. रात्री गेशेला झोप लागत नसे.

‘हॅरिएट मोस’ नदीच्या वरच्या अंगाहून परत आली तेव्हा डिर्क टोलिव्हरसाठी सॉसेज घेऊन धक्क्यावर गेला. गेशे शाल घेऊन मागे. फळीच्या टोकाशी भलताच मुकादम होता. उर्स एकटाच आपल्या पेटीवर बसला होता.

“टोलिव्हर पहिला गेला,” उर्स म्हणाला. “मग आम्हा खालच्यांत सुरू झालं. वेरेना सगळ्यांना पाणी पाजत हिंडायची. तिला वाळूवर उतरवलं तेव्हा मीही उतरलो. दुपारपर्यंत होती. तुझीच आठवण काढत होती. म्हणे, गेशे शहाणी, कॉफीच प्यायची. तिला कसं कळलं असेल रे?”

डिर्क बायकोकडे वळला. “हो, कसं कळलं होतं तुला?”

“मुकादमाला पटकी झालेली मी पाहिली होती,” गेशे म्हणाली. “तुला बोटीवर राहू द्यावं म्हणून बोलले नाही.”

डिर्कच्या हातातली सॉसेजची पुरचुंडी तशीच राहिली. तेवढ्यात नव्या मुकादमाने लाकडासाठी हाक दिली. वाळूवरून परत बोटीवर घेतलेल्या उर्सचं परतीचं भाडंही निम्मंच होतं. तो उठला, गेशेच्या हातातून शाल घेतली, घडी करून खांद्यावर ठेवली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. गेशे पुढे झाली, त्याच्या वाटणीचा ओंडका उचलायला वाकली.

“राहू दे,” उर्स म्हणाला. त्याने ओंडका खांद्यावर घेतला आणि तो फळी चढून गेला.