बावीस चिंचांचा करार

चकलांब्यात राधाकिशनच्या बांधावर बावीस चिंचा होत्या, शाळेच्या रस्त्याला लागून. ती झाडं लाकूडवाल्याला द्यायचं चाललंय हे सरूबाईच्या कानावर सोमवारी आलं आणि मंगळवारी सकाळीच ती आपल्या लेकीला, आम्रपालीला, घेऊन त्याच्या दारात हजर झाली.

पंचवीस वर्षं तिनं लोकांची चिंच फोडली होती. व्यापारी पोती आणून टाकायचा, बाया टरफल आणि चिंचोका काढून गर वेगळा करायच्या, देईल ती मजुरी घ्यायच्या. गर पुढं काय भावानं जातो हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. अंबाजोगाईला शिकताना आम्रपालीनं बाजारात फिरून ते विचारून ठेवलं होतं.

"जय भीम, भाऊ," सरूबाई म्हणाली.

"राम राम. बसा की." राधाकिशननं दोन खुर्च्या ओढल्या.

सरूबाई पाठ टेकून ऐसपैस बसली. तिच्या सासूनं याच अंगणात उभ्यानं मजुरी घेतली होती.

"झाडं कावून तोडता?"

"सावलीखाली कापूस येत न्हाई. व्यापारी न मोजता उक्ती चिंच नेतो, हातावर काहीबाही टेकवतो. लाकडाचे एकदम तरी येतेत."

"एकदाच येतेत. आन टरफलासकट इकली तर भाव कुठला मिळणार? फोडलेल्या गराला दुपटीच्या वर भाव हाय. झाडं आमाला द्या, पाच सालं. उतरवायचं, फोडायचं, इकायचं आमी बघतो. खर्च जाऊन निम्मं तुमचं, निम्मं आमा अकरा जणींचं."

"साल खराब गेलं तर?"

"निम्मं नुकसान आमचं. तुमी एकले बुडत न्हाई."

राधाकिशननं हनुवटी खाजवली. मग म्हणाला, "एक बोलतो. काठीनं झोडपायचं न्हाई. डहाळ्या मोडल्या तर पुढच्या साली फळ धरत न्हाई."

"लई खरं बोललात. आता माझं ऐका. पाच सालं एकाबी झाडाला कुऱ्हाड न्हाई. त्या सावलीत लेकरं शाळेच्या गाडीची वाट बघतेत."

आम्रपालीनं बाँडवर सगळं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोघांनी सह्या केल्या.

फाल्गुनात चिंच उतरली. राधाकिशनच्याच अंगणात गर वाळत घातलेला, आणि एका दुपारी आभाळ भरून आलं. बाया ताडपत्र्या शोधत धावत असताना राधाकिशनची बायको छबुबाई हाका मारतच आली, "कापसाची खोली रिकामी हाय, तिथं आणा! उचला, उचला!" खोलीचा शब्द करारात कुठंच नव्हता. छबुबाईनं स्वतः पाट्या वाहिल्या. पाऊस जोरात झाला, पण गराला थेंब लागला नाही.

आठ दिवसांनी त्रिंबक व्यापारी टेम्पो घेऊन आला तो थेट राधाकिशनकडं गेला.

"मालक तुमी. बायांशी काय सौदा करायचा? तुमचा वाटा मला द्या, बाजारभावापेक्षा किलोमागं दहा रुपये वर देतो."

"वाटा वेगळा निघत न्हाई," राधाकिशन शांतपणे म्हणाला. "माल इकायचा शब्द सरूबाईंचा. त्या तिथं बसल्यात. तिकडं बोला."

सरूबाईनं हे कानांनी ऐकलं. त्रिंबक समोर आला तसं तिनं पोत्याचं तोंड सोडलं.

"हात घाला. खडा निघाला तर पोतं फुकट न्या."

त्रिंबकनं कोपरापर्यंत हात घातला, गर बोटांवर चोळला, जिभेला लावला. असा स्वच्छ माल त्याला घरी नेऊन परत निवडावा लागणार नव्हता, आणि हे त्याच्यासारख्याला सांगायची गरज नव्हती. राधाकिशनला जो बोलला होता तोच भाव त्यानं सगळ्या मालाला लावला.

"पुढच्या साली दुसऱ्याला देऊ नका, बाई."

"भाव असाच सरळ बोला, पहिल्यांदा तुमालाच विचारीन."

टेम्पो भरला. आम्रपालीनं काट्याजवळ उभं राहून प्रत्येक पोत्याचं वजन पाहिलं. अकरा जणींपैकी कुणाच्याही घरी यापूर्वी इतकी मोठी रक्कम बाईच्या नावानं आली नव्हती.

दोनच दिवसांनी शेजारच्या शिवारातला बद्रीनाथ आला. त्याच्याही बांधावर नऊ चिंचा होत्या आणि त्यानंही लाकूडवाल्याला बोलावलं होतं.

"सरूबाई, माझ्या झाडांचं जमंल का?"

"आधी झाडं बघते," ती म्हणाली, आणि चपला घालून त्याच्या पुढं चालू लागली.