आधीच केलेली खूण

“नाही, नाव घालता येणार नाही.” थीसिसच्या मार्गदर्शक फ्राऊ लिंडनरनी संमतीपत्र उर्जाच्या पुढ्यात सरकवलं. “इथे बघ. ‘ओळख गुप्त ठेवावी’ या चौकटीत खूण आहे. ती बदलायचा अधिकार फक्त त्या बाईंना.”

“पण त्या गेल्या. नऊ दिवस झाले.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच.” लिंडनरबाईंना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. “हे त्यांच्याच संरक्षणासाठी आहे, उर्जा.”

उर्जा कोलोनच्या विद्यापीठात पर्यावरणीय न्याय शिकत होती. कोणाचा कचरा कोणाच्या दारात पडतो आणि ते ठरवताना कोणाला विचारतात, असा सगळा मामला. थीसिससाठी ती पुण्याजवळच्या एका कचरा डेपोशेजारच्या गावात महिनाभर राहून आली होती. मालिनीबाई साबळे तिथल्याच. विहिरीचं पाणी लाल झाल्यापासून बारा वर्षं त्या एकट्या अर्जांमागून अर्ज करत होत्या.

“एवढी पायपीट केली, पण पेपरात काय येतं? ‘ग्रामस्थांनी तक्रार केली’!” त्या म्हणाल्या होत्या. “तुमच्या पुस्तकात तरी माझं नाव घाला बरं का, ताई. पूर्ण घाला, मालकांच्या नावासकट.”

“घालीन की,” उर्जा म्हणाली होती. शब्द द्यायला काय जातं!

ती खूण मालिनीबाईंनी केलीच नव्हती. वेळ वाचावा म्हणून उर्जाने कोलोनमध्येच एका कोऱ्या संमतीपत्रावर खूण केली आणि त्याच्या चाळीस प्रती काढल्या. गावातल्या बायकांनी विश्वासाने खाली अंगठे उठवले. मालिनीबाईंनी तेवढी सही केली. लोकांना न विचारता निर्णय कसे घेतले जातात, यावर तावातावाने पहिलं प्रकरण लिहिणाऱ्या या मुलीने चाळीस जणींचा निर्णय परस्पर घेऊन टाकला होता. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

ती ट्रामच्या थांब्यावर येऊन बसते तोच मालिनीबाईंच्या मुलीचा, अवनीचा फोन आला.

“ताई, आईचं नाव छापलंय ना, ते पान पाठवा. सोमवारी तेरावा आहे. फोटोपाशी ठेवायचंय. सगळे येणारेत, सरपंचपण.”

नाव टाइप करून एक पान पाठवलं असतं, तर तिथे कोणाला कळणार होतं? थाप उर्जाच्या अगदी ओठांवर आली होती.

“अवनी, नाव नाहीये गं. माझ्या चुकीनं राहिलं. आईनं सांगितलेलं सगळं आहे, पण त्याच्यापुढे नुसता नंबर आहे.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कितवा?”

“सतरा.”

“बरं,” अवनी म्हणाली. “सतराचं पान पाठवा.”

उर्जाने ते पाठवलं. ट्राम आली आणि गेली, तरी ती तिथेच बसून होती.

सोमवारी अवनीने फोटो पाठवला. हार घातलेली तसबीर, पुढे दिवा आणि तसबिरीला टेकून ते इंग्रजी पान. त्यावरचा सतरा निळ्या पेनाने खोडला होता आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : मालिनी पद्माकर साबळे.

मंगळवारी उर्जाने थीसिस जमा केला. नियमाप्रमाणे त्यात सतराच होता.