उचलू नका

पवनानगरच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं आणि सत्यम सायकलवरून उडून मानेवर आपटला. हेल्मेटला तडा गेला. डाव्या हाताला मुंग्या आल्या.

तळेगावच्या सायकल क्लबात त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. मान दुखत असेल तर जागचं हलायचं नाही, कुणाला उचलू द्यायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पण रस्त्यात माणूस पडला की आपल्याकडं काय करतात? बखोट धरून उठवतात आणि तोंडाला तांब्या लावतात!

इथंही तेच. समोरच्या बुद्धविहारातून हौशीराम आबा धावत आले, मागून त्यांची बायको सरुबाई तांब्या घेऊन. आबांनी सत्यमच्या काखेत हात घातले.

"हात लावू नका!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

आबा चपापले. सरुबाईनं तांब्या पुढं केला, तर यानं ओठ घट्ट मिटले.

"पाणी नको."

आबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"चल गं," ते म्हणाले. "आमचा हात चालंना, आमच्या घरचं पानीबी चालंना. मरायला टेकला, पर जात सुटंना ह्याची."

अरे देवा! सत्यमच्या काळजात चर्र झालं. उठून पाय धरावेत, तर हलायची चोरी. डोळ्यांपुढं नुसतं आभाळ, आणि आबांची पावलं लांब चाललेली. तेवढ्यात एक जीप थांबली.

"बघत काय बसलाय? टाका जीपमधी!" ड्रायव्हरनं त्याचे पाय धरलेसुद्धा.

"आबा!" सत्यम रडकुंडीला आला. "आबा, मान मोडली असंल हो! हलवलं तर जन्माचा लुळा होईन. कुणालाच उचलू देऊ नका. तुम्ही या, माझं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरा."

पावलं थांबली. मग आबा त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसले आणि दोन्ही तळवे त्याच्या कानांवर टेकवले.

"सोड रं पाय! खबरदार हलवशील तर!" ते ड्रायव्हरवर खेकसले. सरुबाईनं १०८ ला फोन लावला.

ॲम्ब्युलन्स काही लवकर येईना. उन्हात आबांचे हात भरून आले.

"सरका आबा, मी धरतो," ड्रायव्हर म्हणाला.

"न्हाई. त्यानं मला सांगितलंय."

सत्यमला रडू फुटलं. आसवं आबांच्या बोटांवरून ओघळली, पण ती पुसायलाही आबांनी हात सोडला नाही.